जावळाच्या आधीचं कापताना

नातवाच्या जावळाचं शूटिंग माझ्याकडं होतं. बारामतीत घरीच मोबाईलचं बटण दाबून पाहिलं, चालतंय म्हणून खूश झालो आणि बंद न करताच फोन खिशात टाकला. नरसिंहपूरला देवळापाशी बाहेर काढला तर लाल ठिपका आधीच लुकलुकत होता. मला वाटलं, फोन हुशार आहे, तयारीत बसलाय.

जावळ छान झालं. पोर मामाच्या मांडीवर रडलं, न्हाव्यानं पहिली बट उतरवली, सगळं टिपलं गेलं. परत निघताना पाहतो तर एकच अवाढव्य फाईल, आणि सुरुवातीला नुसता खिशातला अंधार. त्या अंधारात माझा आवाज. गाडीत आम्ही नवराबायकोच होतो, आणि इंदापूर येईपर्यंत मी विहीणबाईंची नक्कल करत होतो.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं त्या घरीच होत्या. तेवढ्यात त्यांचाच फोन. "जावळ बघितल्याबिगर जेवायची न्हाय मी. सरळ हिकडंच या, टीव्हीला लावू."

लेक त्यांच्याच घरात नांदते. सुरुवातीचा भाग कापायला गेलो तर फोन म्हणे, जागा शिल्लक नाही.

इंदापुरात स्टँडजवळच्या मोबाईलवाल्याकडं गाडी थांबवली. म्हटलं, "कापायला जागा कशाला लागती?"

"काका, शेवट छाटणं सोपं. सुरवातीचं काढायचं तर त्याच्या मागचं सगळं दुसरीकडं उतरवून घ्यावं लागतं. चित्र नव्यानं बनवत बसलो तर संध्याकाळ हितंच व्हईल. हाय तसंच उचलतो."

त्यानं फोन कॉम्प्युटरला जोडला. जावळ कुठं सुरू होतं ते शोधताना भलतीकडंच क्लिक केलं, आणि दुकानभर माझा बायकी आवाज घुमला. गिऱ्हाइकं हसली. त्यांच्यात व्याह्यांच्या ओळखीचं कुणी आहे का, हे मी घाम पुसत बघत होतो.

नवी फाईल पेनड्राईव्हवर आली. देवळाच्या पायरीपासून सुरू. तरी मी ती पुन्हापुन्हा लावून पाहिली.

"फोनमधली जुनी पुसू?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बायकोनं फोन उचलून पर्समध्ये टाकला.

विहीणबाईंच्या टीव्हीवर पायरी दिसेपर्यंत मी रिमोट हातात धरून होतो. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि मलाच आग्रहानं वाढलं. मी मान खाली घालून जेवलो.

घरी येताना बायको म्हणाली, "जुनी फाईल हाय माझ्याकडं. आता माझ्या आईची नक्कल करताना जरा ध्यानात ठेवा."