कान नसलेला मिस्त्री

माझे दोन्ही कान लहानपणापासून वाहतात. आईने तेल कोमट करून घातलं, डॉक्टरांनी थेंब दिले, पडद्याचं ऑपरेशनही झालं. ऐकायचं मशीन लावलं की आठवडाभरात कान पुन्हा चिघळायचे. ऐकू येतं, पण भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसं. पोलीस भरतीत मैदान मारलं आणि मेडिकलला बाहेर पडलो. अर्धापूरच्या आमच्या केळीच्या बागेत दोन भाऊ आधीच राबतात, तिसऱ्याला तिथं काम उरत नाही. म्हणून लातूरच्या आयटीआयला मोटार मेकॅनिकला नंबर लागला तेव्हा घरात पेढे वाटले. मी मात्र माझा पेढा तसाच खिशात टाकला.

कारण हात बसावा म्हणून मी नांदेडला एका गॅरेजवर जात होतो, आणि हे काम कशावर चालतं ते मला कळून चुकलं होतं. गॅरेजचे मालक, सगळे त्यांना उस्ताद म्हणत, गाडी दारात वळताच बोनेट न उघडता तिचं दुखणं सांगायचे. मी बोनेटवर तळहात ठेवून थरथर चाचपायचो आणि समजल्याचा आव आणायचो.

एक दिवस किनवटची जीप आली. उस्तादांनी मला पुढं केलं.

"सांग रे, कुठून आवाज येऊन राहिला?"

"टॅपेट," इंजिनाच्या माथ्यावरच्या भागाचं नाव मी ठोकून दिलं.

उस्तादांनी मला पाठमोरं उभं केलं. मागून ते काहीतरी बोलले असावेत, कारण समोरचा ड्रायव्हर उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत होता. मग त्यांनी मला वळवलं.

"ऐकू येत न्हाई ना तुला?"

मी मान खाली घातली. त्यांनी हनुवटी धरून वर केली, ओठ दिसावेत म्हणून.

"अरे बेटा, इंजिन बोंबलून राहिलंय अन् तुला पत्ताच न्हाई. लातूरला जाऊ नको. दोन वर्षं फुकट जातील."

गॅरेजमागच्या टायरांवर बसून मी ढसाढसा रडलो. दुसऱ्याच दिवशी लातूरला हजर व्हायचं होतं. पोलीस नाही, शेत नाही, आता हेही नाही. रागही आला, देवाचा, आईच्या तेलाचा, सगळ्यांचाच. गोदावरीचा पूल तिथून लांब नव्हता, हेही मनात येऊन गेलं. मी खोटं कशाला सांगू?

थोड्या वेळाने उस्ताद लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले आणि मला दंडाला धरून जीपपाशी नेलं. इंजिन चालूच होतं. "बारीक आवाज असला की मी असा ऐकतो. तू बी बघ," म्हणत त्यांनी टोक इंजिनावर टेकवलं आणि त्याची मूठ माझ्या कानामागच्या हाडावर दाबली.

इंजिन माझ्या डोक्यात शिरलं. ठक, ठक, ठक. स्वच्छ. मी दचकून मागं सरलो, मग आधाशासारखा पुन्हा वाकलो आणि टोक सरकवत गेलो. टॅपेट ठणठणीत होते. खाली पाण्याच्या पंपाचं बेअरिंग खरखरत होतं.

"पंप!" मी ओरडलो.

उस्तादांनी स्वतः ऐकून पाहिलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "जा लातूरला. पण मागून गाडी अंगावर आली तर कळणार न्हाई तुला. ते तुझं तू सांभाळ."

सकाळी आई स्टँडवर सोडायला आली. मी एसटीत खिडकीशी बसलो आणि सहज लोखंडी चौकटीला डोकं टेकलं. एसटी सुरू झाली. सगळा गिअरबॉक्स माझ्या कवटीत घुमायला लागला, एकेक दाता मोजून घ्यावा इतका साफ. बाहेर आई गाडीबरोबर चालत होती, तिचे ओठ हलत होते. मी डोकं उचलून कान बाहेर काढेपर्यंत ती मागं राहिली.

ती काय सांगत होती, ते मी अजून विचारलेलं नाही. फोनवर मला तिचं बोलणं कळत नाही.