साच्याबाहेरचा एक दात

रात्रभराच्या ट्रॅव्हल्सने पुण्याहून खामगावात उतरले, तेव्हा मान आखडली होती आणि मांडीवरचा डबा मात्र जागचा हलला नव्हता. आजूबाजूच्यांनी त्यात मिठाई आहे असे गृहीत धरले, आणि त्यांचा गैरसमज दूर करण्याचे धाडस मला झाले नाही. डब्यात पारदर्शक साचा होता आणि साच्यात वरच्या दातांचे ब्रॅकेट (तार अडकवण्यासाठी दातांवर चिकटवायचे बारीक चौकोनी तुकडे). दात सरळ करण्याचे शिक्षण मी चाळिशी ओलांडल्यावर घेतले. तोंडात एकेक ब्रॅकेट बसवताना माझा हात किंचित चळतो. म्हणून ठशावरून बनवलेल्या प्लास्टरच्या दातांवर निवांत मोजून ते सारे एकदम बसवण्याची ही पद्धत मी धरली होती.

स्थानकाबाहेर कढीत बुडवलेला आलूबोंडा (बटाटेवडा) खाल्ला. सोबत भेदराची (टोमॅटोची) चटणी होती. त्यानंतरच्या एस.टी.त मी पिंपळगाव राजापर्यंत अर्धवट झोपेतच होते. दोन्ही बाजूंना कपाशी होती, एवढेच आठवते.

एका जुन्या सहाध्यायाच्या दवाखान्यात शीतल माझी वाट पाहत होती. ती गावातच ब्लाऊज शिवते, पंचविशीची आहे. मागच्या खेपेला मी तिच्या दातांचा ठसा नेला होता, तेव्हाही ती ओढणी तोंडाशी धरूनच बोलली होती. आज मी हातमोजे चढवू लागले, तोच ती खुर्चीत उठून बसली.

"थांबा मॅडम, दोरा लोंबून राह्यला तुमचा."

आणि मी काही म्हणण्यापूर्वी तिने माझ्या ॲप्रनच्या बाहीचा दोरा पुढच्या दातांत धरून कट्‌कन तोडला.

"नेहमी दातानेच तोडता?" मी विचारले.

"हाव (हो). कात्री कुठं शोधत बसू? दात तं हाताशीच असतात!"

मी आरसा घेऊन दोरा तोडणारा तो पुढचा दात पाहिला. त्याची कड झिजलेली होती. प्लास्टरवर मी तो मुळातच आखूड समजले होते आणि ब्रॅकेटची उंची त्या झिजलेल्या कडेपासूनच मोजली होती. तसाच साचा बसवला असता, तर ब्रॅकेट जास्त वर चिकटून तारेने दात गरजेपेक्षा खाली ओढला गेला असता. पुढे झिजलेली कड भरून घेतल्यावर तो शेजारच्या दातापेक्षा लांब दिसला असता. मी सांगितले नसते, तर आज ते कोणालाच कळले नसते. थकवा इतका होता की तो विचार क्षणभर मनात रेंगाळला.

"या एका दाताचे माप माझ्याकडून चुकले आहे," मी म्हणाले. "त्यावरचा ब्रॅकेट हाताने लावावा लागेल."

"मंग माह्याच दातानं घोळ केला म्हना की!" ती हसली, मग लगेच गंभीर झाली. "पन वाकडा नाई ना होनार? लोक आतापासूनच इचारून राह्यले, या वयात तारा काऊन (का) लावते म्हनून."

साच्यातून तेवढा भाग मी कापून काढला. बाकीचे ब्रॅकेट एकदम बसले. उरलेला एक मात्र पलीकडच्या जोडीदार दाताशी ताडून पाहताना मी दोनदा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा पक्का केला. पाठ भरून आली होती.

परतीच्या एस.टी.त शीतलही होती. तिला खामगावातून अस्तर आणायचे होते. पुढच्या बाकावर, शेजारच्या मावशींना ती ओठ वर करून दाखवत होती.

"बाकीचे सारे साच्यातून लागले, मावशी. हा एक मॅडमनं खास हातानं लावला मले."

"हाव वं, तोच उठून दिसून राह्यला," मावशी म्हणाल्या.

मला दुरुस्ती सांगायची होती. खास वगैरे काही नव्हते. ती चूक होती, आणि निस्तरली की नाही हे दात सरकू लागल्यावरच कळणार होते. पण शीतलची ओढणी खांद्यावरच होती, आणि ती आता गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती. मी खिडकीकडे तोंड वळवले. पुण्यापर्यंत मला झोप आली नाही.