फायरवॉलच्या गळ्यातला हार

आमच्या ऑफिसातल्या फायरवॉलवर दसऱ्याचा झेंडूचा हार अजून वाळतोय. इंटरनेटवरचे चोर अडवणारी ही पेटी. तिचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, फुकट मिळालेलं. त्यातल्या फटी बुजवणारे अपडेटही कुठकुठली अनोळखी माणसं पदरचा वेळ घालून पाठवतात. ते टाकायला पेटी दहा मिनिटं बंद ठेवू द्या, म्हणून मी साहेबांच्या मागे लागलोय.

"चालू आहे ना? मग कशाला हात लावताय?" दर वेळी हेच!

अहो, फट काय ओरडून सांगते? आपल्याकडे वस्तूला हळदकुंकू मिळतं, देखभाल मिळत नाही.

काल चिडून तो हार ओढला, तर साहेब कळवळले, "अहो, पूजेचा आहे तो!"

पूजेचाच. त्या पूजेसाठी साहेबांनीच ही पेटी तासभर बंद ठेवायला लावली होती.