टॅपस्कॉटांची रांग

"जन्म सापडला म्हणून नाचू नका, आधी मरण बघा," असं एनिड टॅपस्कॉट येईल त्याला सांगायची. चर्चच्या जुन्या वह्यांतून लोकांचे पूर्वज शोधून देण्यात तिची तीस वर्षं गेली. कॅनडाहून, ऑस्ट्रेलियाहून माणसं यायची, तिच्या हातचा चहा प्यायची आणि खापरपणजोबा घेऊन जायची. बाप्तिस्म्याची नोंद मिळाली की ती लगेच दफनाची वही चाळायची. त्या काळी निम्मी पोरं पाळण्यातच जायची.

तिचा नवरा विल्फ जाताना म्हणाला होता, "मला माझ्या माणसांत ठेव." चर्चचं आवार थडग्यांनी कधीच भरलं होतं. जुन्या घराण्यांच्या रांगेत तेवढी त्यांच्याच रक्ताच्या माणसाची राख पुरू देत. एनिडने वंशावळ लिहून दिली. ती तिच्या हातची, म्हणून पाद्रीबाईंनी न वाचताच होकार दिला.

शनिवारी सकाळी चर्चची थडगी खणणारा सिरिल डमेट टॅपस्कॉटांच्या रांगेत वीतभर खड्डा खणून फावडं पुसत होता. एनिड आली. राखेचा डबा कापडी पिशवीत होता.

"लवकर आलात, वहिनी. विल्फ तर स्वतःच्या लग्नालाही उशिरा आला होता."

"बुजव तो खड्डा, सिरिल."

"आं?"

"काल दुसऱ्या कुणाचं नाव शोधत होते. दफनाच्या वहीत एझ्रा दिसला. ज्याच्यापासून विल्फचं घराणं धरलं होतं, तो. अकरा दिवसांचा होऊन गेला. विल्फचा पूर्वज एझ्रा वेगळाच कुणी, कुठला कोण जाणे. ही माणसं आमची नव्हेत."

"आणि हे तुम्ही आधी बघितलं नाही? तुम्ही?"

"घरच्या माणसाचं मरण कोण शोधतं?"

बटाट्याचा भाव सांगावा तसं ती बोलत होती. सिरिलला तिच्याकडे बघवेना.

"मी नाही बोलायचो कुणाला. हे खालचे काय उठून वंशावळ मागणार आहेत?"

"हॅलेटच्या पोराने मागच्या साली आईसाठी इथे जागा मागितली, तेव्हा मीच नाही म्हटलं. नोंद जुळत नव्हती म्हणून. त्याची आई हमरस्त्याकडच्या नव्या दफनभूमीत आहे. खड्डा तूच खणलास."

तिने डब्यावरचं कापड नीट केलं, उगाच, ते नीटच होतं. मग फाटकाबाहेर पडून हमरस्त्याकडे चालू लागली. वळणावर तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

सिरिल फावड्यावर हात ठेवून तिकडेच बघत राहिला.