अविदादाची शेवटची स्लिप

शुभावहिनीचा फोन आला तेव्हा मी फार्मसीच्या पार्किंग लॉटमध्ये काचेवरचा बर्फ खरवडत होते. "मेधा, हे गेले गं." एवढंच बोलली. मी "आलेच" म्हटलं आणि पुन्हा खरवडायला लागले... पुढची काच झाली, मागची झाली, शेजारच्या कुणा परक्याच्या गाडीचीही अर्धी झाली, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की आपल्याला निघायचंय. त्याला आता सहा आठवडे झाले. अजून एका जागी बसवत नाही. चहा टाकते आणि गॅस बंद करून दुसऱ्याच खोलीत जाते.

अविदादा माझा मावसभाऊ. सांगलीला आमची घरं समोरासमोर होती, आणि पुढे इथे अमेरिकेत, नोव्हाय गावीही आम्ही वीस मिनिटांच्या अंतरावर आलो. तो गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, क्रूझला जातात. ह्यानं कुठूनशी एक जुनी टू-डोअर गाडी आणली आणि गराजमध्ये उघडून बसला. वहिनी म्हणाली, "ह्यांना सांग काहीतरी, तुझं ऐकतात." सांगायला म्हणून गेले आणि संध्याकाळपर्यंत हातात पाना घेऊन गाडीखाली आडवी! आमच्या घराण्यात स्वस्थपणा कुणाला दिलेलाच नाही.

त्या गाडीचं प्रयोजन हळूहळू कळलं. एक रेस असते, पाच दिवसांची, पाच गावांतली. रोज एका ट्रॅकवर पाव मैल जीव खाऊन सुसाट पळायचं आणि मग तीच गाडी, तीच हं, साध्या रस्त्यानं चालवत दोन-तीनशे मैलांवरच्या पुढच्या ट्रॅकवर न्यायची. ट्रेलर नाही, मेकॅनिक नाही. हत्यारं आपली, हात आपले. ट्रॅकवर तो चालवणार, रस्त्यावर नकाशा माझ्याकडे. प्रत्येक धावेनंतर वेळेची एक छोटी स्लिप मिळते. दिवसभरात हव्या तेवढ्या धावा करा, पण त्यातली सर्वांत चांगली स्लिप संध्याकाळी पाचच्या आत टेबलावर नेऊन द्यायची. नाही दिली, तर रेसमधून बाद. स्लिप हातात पडली की दादा ती उलटी करायचा, गुडघ्यावर ठेवून मागे पेन्सिलीनं लिहायचा: 'हवा गरम. टायर दोन पौंड कमी.' 'क्लच लवकर सोडला, गाढवा.' पुढच्या वेळी काय बदलायचं ते. द्यायची स्लिपसुद्धा आधी मागून फोटो काढून मगच द्यायचा.

पहिल्या वर्षी आम्ही तिसऱ्या दिवशीच गारद झालो. चांगली स्लिप हातात होती, मी म्हणत होते, "दादा, बास कर, दे ती आणि चल." पण बास हा शब्द त्याच्या तोंडात कधी आलाच नाही. "अगं, फक्त अजून एकदा!" त्या अजून एकदामध्ये गिअरबॉक्सचा भुगा झाला आणि आम्ही टो ट्रकमध्ये, मांडीवर थालीपिठांचा डबा घेऊन, मान खाली घालून घरी. वहिनी आठवडाभर हसत होती. तो मात्र एकच बोलला, "एकदा तरी पाचही दिवस पुरे करायचे. मग गाडी विकली तरी चालेल."

गेल्या सप्टेंबरात पुन्हा गेलो. चार दिवस सुरळीत पार पडले. रस्त्यावर मात्र ह्या वेळी त्यानं मलाच चालवायला दिलं, खिडकीला डोकं टेकून पडून राहायचा. थालीपीठ नको, नुसता दहीभात. मी इतकी वर्षं लोकांना औषधं देतेय, समोरच्याचा रंग बघून काय झालंय ते ओळखते म्हणून मिरवते... आणि मला वाटलं, वय झालं, दमला असेल. कर्म माझं!

पाचव्या दिवशी, इंडियानातल्या त्या ट्रॅकवर, त्याला बारा सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागला. दोन वर्षं त्याला बारा सेकंदांच्या आत यायचं होतं. गाडीतून उतरला, स्लिप माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बास, मेधे. देऊन टाक." साडेतीन वाजले होते. टेबल शंभर पावलांवर. आणि मी, सगळा जन्म ज्याला बास कर म्हणत आले त्याला म्हणाले, "अरे हट्! एवढं आलोय तर बाराच्या आत जाऊन दाखव की. फक्त अजून एकदा." तो माझ्याकडे बघून हसला. नाही म्हणाला नाही. आम्ही रांगेत लागलो. पुढच्या एका गाडीनं ट्रॅकभर ऑइल सांडलं, ते पुसायला तास गेला, रांग हलेना, रांग सोडवेना. घड्याळ बघितलं तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. रांग ट्रॅकच्या पार दुसऱ्या टोकाला होती, टेबल इकडे. मी पळाले. ह्या वयात, गुडघ्यांसकट पळाले. टेबलामागची बाई म्हणाली, "आय ॲम सो सॉरी, हनी," आणि खुर्ची मिटली.

मी रडत परत आले. तो म्हणाला, "अगं, रडतेस काय येडे? पोचलो की नाही आपण पाचही गावांना? चल, भूक लागलीय." भूक त्याला लागलेली नव्हती, हे आता कळतं.

त्याच्या आजाराचं निदान ऑगस्टमध्येच झालं होतं. वहिनीला माहीत होतं, तिनं मन घट्ट करून त्याला जाऊ दिलं, आणि मला सांगायचं नाही अशी त्यानं शपथ घातली होती. "मेधा रस्ताभर माझी नाडी बघत बसेल," म्हणाला म्हणे. दिवसकार्य झाल्यावर मी वहिनीला सगळं सांगितलं, की पाच दिवस माझ्यामुळे पुरे झाले नाहीत. ती म्हणाली, "तू रागावून घे स्वतःवर हवं तेवढं. पण तुझ्यामुळे राहिलं असं त्यांनी मला कधी सांगितलं नाही." आणि गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

गेल्या रविवारी गराजमध्ये जाऊन गाडीत बसले. पाचव्या दिवसाची ती स्लिप त्यानं समोरच्या सनव्हायजरला अडकवून ठेवलेली. काढली. सवयीनं उलटी केली... कोरी. इतक्या धावांमध्ये त्यानं ही एकच कोरी सोडली होती. पुढच्या वेळी काय बदलायचं, हे लिहिण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

कप्प्यात त्याची पेन्सिल होती, दातांच्या खुणांची. मी स्लिप गुडघ्यावर ठेवली आणि लिहिलं: 'साडेतीनलाच द्यायची होती, गाढवे.' आणि होती तिथे परत अडकवून ठेवली.