केरीच्या सड्यावर आलेला पाडेली

केरीच्या सड्यावरून, म्हणजे समुद्राकाठच्या जांभ्याच्या पठारावरून, आम्ही लोकांना हवेत नेतो. पाठीमागे मी, पुढे तो पाहुणा, दोघांच्या डोक्यावर एकच मोठं कापडी ग्लायडर. विमान नाही आणि उडीही नाही. तरी येणाऱ्यांतले बरेच जण जीपमधून उतरल्या उतरल्या विचारतात, "उडी कुठून मारायची?" मग मी सांगतो, उडी मारायचीच नाही, धावायचं. मी थांबा म्हणेपर्यंत धावायचं. पायांखालची जमीन गेली तरी धावायचं. आणि काही झालं तरी बसायचं नाही.

मी मूळचा लाटंबार्शाचा. आमची थोडी भातशेती आहे, थोडे काजू. मी मात्र बरीच वर्षं खनिजाचा ट्रक चालवला, खाणीवरून नदीच्या धक्क्यावर आणि परत. तिथून ते खनिज बार्जेसमधून मुरगाव बंदरात जायचं. खाणी बंद पडल्या तेव्हा हरमलला ग्लायडरच्या धंद्यात काम करणाऱ्या मावसभावाने बोलावून घेतलं. काम सोपं होतं. ग्लायडरच्या जड पिशव्या जीपने सड्यावर न्यायच्या आणि खाली किनाऱ्यावर उतरलेली माणसं पुन्हा वर आणायची. दुसऱ्या हंगामात तिथल्या मुख्य पायलटला नव्या ग्लायडरची चाचणी घ्यायची होती, पुढे बसायला वजन हवं होतं. तो मला म्हणाला, "तू चांगला जड आहेस, ये." असा मी पहिल्यांदा वर गेलो. पुढे शिकलो, हिमाचलात जाऊन परीक्षा दिल्या, आणि माणसं न्यायला लागलो. माझी आई अजून शेजाऱ्यांना मी ड्रायव्हर आहे असंच सांगते.

शिकवणं मला लगेच जमलं नाही. सुरुवातीच्या दिवसांत डिचोलीच्या बँकेतल्या एक बाई सहकाऱ्यांबरोबर आल्या होत्या. बाकी सगळे उडून झाले होते, त्यांचा नंबर शेवटचा. ग्लायडर डोक्यावर उभं राहिलं आणि त्या म्हणाल्या, "थांबा." वारा फार छान होता. मी ओरडलो, "धावा, धावा!" त्या पुन्हा थांबा म्हणाल्या आणि खाली बसल्या. ग्लायडरने आम्हा दोघांना जांभ्यावरून फरपटत नेलं. त्यांचा पाय माझ्या पायाखाली मुरगळला आणि बघता बघता टम्म सुजला. जीपमध्ये त्यांनी मला शांतपणे विचारलं, "मी थांबा म्हणाले ते तुम्हाला ऐकू आलं होतं ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मुख्य पायलटने पुढचे तीन आठवडे मला एकही माणूस नेऊ दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. तेव्हापासून मी एक नियम केला. उडण्याआधी पाहुण्याला बाकीच्यांपासून जरा बाजूला घेऊन जायचं आणि विचारायचं. चारचौघांत माणूस भीती सांगत नाही.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे तो जानेवारीतला. दुपारी तीनच्या सुमाराला वारा समुद्रावरून सरळ सड्यावर येत होता. एक मुलगी स्कूटरवरून वडिलांना घेऊन आली. ती पेडण्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होती, वय तिशीच्या आतबाहेर. वडील साठीचे, काटक, पायांत साध्या चपला. तिने लांबूनच सांगितलं, "हे माझे बाबा. पाडेली आहेत. आयुष्य माडावर गेलं त्यांचं."

पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. आमच्याकडे आता असे लोक बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. माझा जोडीदार, दुसरा पायलट, हसून म्हणाला, "मग आज तुझं काम काय? काकाच तुला घेऊन जातील."

मुलगी म्हणाली, "दोन वर्षं झाली, गुडघे चढू देत नाहीत. घरात बसून कंटाळतात. म्हटलं, एकदा तरी परत उंचावर जाऊ देत."

मी वडिलांना हार्नेस चढवायला लागलो तेव्हा त्यांनी प्रत्येक पट्टा स्वतः ओढून बघितला. छातीवरची कडी लागली की नाही ते दोनदा तपासलं. मांडीवरचा पट्टा मी एका बोटाइतका सैल ठेवला होता, तो त्यांनी मला न विचारता घट्ट केला. हा माणूस जीव दोरावर टाकायची सवय असलेला आहे, हे त्यांच्या बोटांवरून कळत होतं. आणि इथेच माझी चूक झाली. त्यांना बाजूला घेऊन विचारायचं मी राहू दिलं. पाडेल्याला उंचीची भीती आहे का म्हणून काय विचारायचं?

आम्ही कड्याच्या अलीकडे उभे राहिलो. मी ग्लायडर उचललं, ते डोक्यावर स्थिर झालं. "काका, धावा." ते दोन पावलं धावले आणि एकदम उकिडवे बसले. बाजूला काजूचं एक खुरटं झुडूप होतं, त्याची फांदी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. मी लगेच दोऱ्या ओढून ग्लायडर खाली पाडलं. कोणाला काही लागलं नाही. पण ते फांदी सोडेनात.

मुलगी धावत आली. "काय झालं बाबा?"

मी म्हटलं, "वारा फिरला जरा. थोडं थांबू. तुम्ही त्यांच्यासाठी पाणी आणता का?" बाटली स्कूटरच्या डिकीत होती आणि स्कूटर खाली रस्त्यावर. ती गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी फांदी सोडली. हाताला चीक लागला होता, तो पँटला पुसत म्हणाले, "पुता, वारो फिरूक नाय. माका कळता."

"होय काका. तुम्हाला भीती वाटली?"

ते समुद्राकडे पाठ करून बसले. मग सांगायला लागले. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ते शेजाऱ्याच्या माडावर चढले होते. नेहमीचा माड, शेकडो वेळा चढलेला. शेंड्याशी पोचले, कोयता काढला, आणि अचानक हातपाय थरथरायला लागले. पडले नाहीत, माड हललाही नाही, काहीच झालं नव्हतं. पण खाली उतरता येईना. खोडाला मिठी मारून ते तासभर तसेच राहिले. शेजारी खालून विचारत होता तर म्हणाले, नारळ जून झालेत का बघतोय. शेवटी उतरले, घरी गेले आणि मुलीला सांगितलं, गुडघे गेले.

"घुडघ्यांक कायच जावक नाय," ते म्हणाले. "माका भंय दिसता. पाडेल्याक भंय दिसता म्हणान कोणाक सांगू?"

"मग आज कशाला आलात?"

"ती इतक्या हौसेन घेवन इली. नाय म्हटलं तर कित्या म्हणान विचारतली."

मी विचार केला. मी ट्रक चालवत होतो तेव्हा एकदा उतारावर ब्रेक लागला नव्हता. त्यानंतर कित्येक दिवस त्या उतारावर मी पहिल्याच गिअरात जायचो, आणि का ते मीही कोणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, सोपं आहे. मी सांगतो वारा बिघडला, आज कोणीच उडणार नाही. तुम्ही घरी जा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू माझ्यासाठी फट मारतलंस?"

"मारीन थाप."

"दोन वर्सां मी मारतंय. आनी एक कशाक?" मग त्यांनी विचारलं, "तुका भंय दिसना?"

मी खरं ते सांगितलं. भीती रोज वाटते. पहिल्या दोन पावलांना नाही, तिसऱ्या पावलाला. पाय जमिनीवरून सुटायच्या आधी. मग काम सुरू होतं आणि मला तिच्याकडे बघायला वेळ राहत नाही.

"माडार धरूक माड आसता," ते म्हणाले. "हय कितें धरू?"

हा प्रश्न मला तोवर कोणी इतका नेमका विचारला नव्हता. मी त्यांचे हात घेऊन खांद्याजवळच्या दोन पट्ट्यांवर ठेवले. ओढून बघायला सांगितलं. त्यांनी सगळं वजन टाकून ओढलं. "हे धरायचं," मी म्हटलं. "आणि थांबा म्हणालात की मी थांबणार, जमिनीवर असेपर्यंत. एकदा हवेत गेलो की मला थांबता येत नाही, पण लवकर उतरता येतं."

ते म्हणाले, "चल. पण तू बोलत राव. गप्प रावलंस तर माका समजाचा नाय काय चल्लां तां."

मुलगी पाणी घेऊन परत आली तोवर आम्ही पुन्हा उभे होतो. या वेळी मी एकदा सांगून थांबलो नाही. नुसतं म्हणत राहिलो, "धावा काका, धावा, मी मागे आहे, धावा." ते धावले. जमीन सुटल्यावरही त्यांचे पाय हवेत धावत होते. मी त्यांना मागे सरकून बसायला सांगितलं तेव्हा ते थांबले.

मी बोलत राहिलो. हा फडफडाट कापडाच्या टोकाचा आहे. आता मी उजवीकडे वळणार, तुम्ही डावीकडे झुकू नका. हा हिसका वाऱ्याचा, कड्यावरून वर येतो, काळजीचं काही नाही. त्यांचे डोळे मिटलेले असणार हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. आम्ही कड्याला धरून दोनदा फिरलो. तिसऱ्या फेरीला मी उत्तरेकडे थोडा लांब गेलो आणि म्हटलं, "आता खाली केरीचे माड आलेत. शंभरेक असतील."

"शंभर?" ते म्हणाले. त्यांनी डोळे उघडले होते. "तीनशांच्यान उणे नाय."

मग ते स्वतःच बोलायला लागले. तो कोपऱ्यातला माड जाईल, त्याचा शेंडा भुंग्याने खाल्लाय, झावळी कातरल्यासारखी दिसते ती बघ. तो बांधावरचा बाणवली जातीचा. ती बाग कोणाची आहे, कोणी खत घातलेलं नाही. इतकी वर्षं ते एकेका माडाच्या शेंड्यावर बसले होते, पण सगळे शेंडे एकदम वरून त्यांनी कधी बघितले नव्हते. मधेच ते पट्टे घट्ट आवळायचे. मग मी बोलायचो. पलीकडे तेरेखोलची नदी, त्यापुढे रेडी. मग पुन्हा ते.

एकदा ते म्हणाले, "अजून भंय दिसता हां."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "उतरूया?"

"आनी एक फेरी मार. मग उतर."

आम्ही सड्यावरच उतरलो. मी पाय वर घ्यायला सांगितले होते. त्यांनी ते ऐकलं नाही आणि सरळ उभेच उतरले. मी मात्र त्यांच्या मागे गुडघ्यांवर पडलो. माझा जोडीदार अजून ते सांगून हसतो.

मुलगी टाळ्या वाजवत आली. फोनवर तिने सगळं टिपलं होतं. "बाबा, कसं वाटलं? गुडघ्यांना काही झालं नाही ना?"

मी हार्नेस सोडवत होतो. ते म्हणाले, "घुडघे बरे आसत गो. कालय बरे होते, त्याच्या आदीय बरे होते." आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं, माझ्यासमोर. तो शेजाऱ्याचा माड, तो तास, ती थाप.

मला वाटलं ती रडेल. ती चिडली. "म्हणजे दोन वर्सां मी रोज रातीं तुझ्या घुडघ्यांक तेल चोळतंय तां फुकट? म्हापशाच्या डॉक्टराकडे दोनदा नेलंय तां? एक्स-रे काढलो! बाबा, तू डॉक्टरासमोर लंगडत चललंस!"

"लंगडाक लागताच," ते म्हणाले. "दाखवक नको?"

ती हसली नाही. पाठ फिरवून कड्याकडे जाऊन उभी राहिली. ते तिच्यामागे गेले नाहीत, मीही नाही. ग्लायडरच्या घड्या घालायला त्यांनी मला मदत केली. प्रत्येक घडी अशी घट्ट बसवली की पिशवी पहिल्यांदाच नीट बंद झाली. बऱ्याच वेळाने ती परत आली, वडिलांच्या हातावरचा काजूचा चीक बघितला आणि म्हणाली, "ह्या धू आदी. कातडी जळतली." बाटलीतलं पाणी तिने स्वतः त्यांच्या हातावर ओतलं.

पावसाळ्यात आमचं काम बंद असतं. त्या दिवसांत एकदा पेडण्याच्या बाजारात ती मला भेटली. मी विचारलं, काका पुन्हा चढतात का? नाही म्हणाली. एकदा खोडाला हात लावून आले, एकदा दोन पुरुष उंचीपर्यंत चढले आणि उतरले. पण आता कारण विचारलं की लोकांना सरळ सांगतात, भीती वाटते म्हणून. शेजारी पहिल्यांदा हसला. मग त्याने त्यांना सांगितलं की विहिरीत उतरायचं त्यालाही गेली कित्येक वर्षं जमलेलं नाही.

"आणि तुम्ही?" मी विचारलं. "तुम्ही कधी येताय उडायला?"

"मी?" ती म्हणाली. "मला स्टुलावर चढायलासुद्धा भीती वाटते." आणि पावाची पिशवी सांभाळत ती बस पकडायला धावली.