मामांच्या ट्रकचं ऑटोमॅटिक बटण

माझ्या सासऱ्यांनी मला उभ्या आयुष्यात कधी 'नाही' म्हटलं नाही, आणि त्यापायी त्यांचा ट्रक एका दुपारीत तीनदा उकळला.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. ते परंड्याकडच्या वाशीला राहायचे. तीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस. इंजिनाच्या आवाजावरून त्याच्या पोटात काय दुखतंय ते सांगायचे. पण जावयापुढं मात्र त्यांची वाचा बसायची. मी जेवताना मीठ मागितलं तरी स्वतः उठून आणायचे. (सुरुवातीला मला संकोच वाटायचा. नंतर मी पाणीही मागायला लागलो.)

ते दुष्काळाचं वर्ष होतं. मामांच्या जुन्या ट्रकवर लोखंडी टाकी चढवून तहसीलनं त्याला पाण्याच्या कामाला लावलं होतं. वाशीच्या पुढं डोंगरावर एक वाडी होती, तिला दिवसाआड एक खेप. वाडीतल्या तिन्ही विहिरी कोरड्या पडलेल्या. मामांची खेप चुकली की तिथल्या बायकांना डोंगर उतरून दोन कोस चालावं लागायचं, म्हणून मामा तापातसुद्धा खेप चुकवत नसत.

मी परंड्याला सहकारी दूध संघाच्या केंद्रात वायरमन होतो. चारा नाही म्हणून दूध नाही, आणि दूध नाही म्हणून यंत्रं बंद. हातात पक्कड आणि दुरुस्तीला काही नाही, असा वायरमन किती धोक्याचा असतो हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

अशात मामांच्या ट्रकचा पंखा तुटला. इंजिनासमोर पाणी थंड करणारी जाळी असते, रेडिएटर म्हणतात तिला. तिच्यामागं पट्ट्यावर फिरणारा तो पंखा. त्याचं मधलं बूडच तडकलं. नवीन भाग पुण्याहून यायला आठ-दहा दिवस लागणार होते. मामा डोकं धरून ओसरीवर बसले. मी आणि माझी बायको शांता नेमके त्याच दिवशी वाशीला गेलो होतो.

"मामा, काळजी करू नका," मी म्हणालो. "आपण विजेचा पंखा बसवू."

दुसऱ्या दिवशी मी सोलापूरला जाऊन एका भंगारवाल्याकडून परदेशी मोटारीचे दोन विजेचे पंखे आणले. ट्रकच्या बॅटरीवर ते झकास फिरले. रेडिएटरपुढं पट्ट्या ठोकून दोन्ही बसवले. इथवर माझं काही चुकलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

प्रश्न राहिला तो पंखे चालू-बंद कशानं करायचे याचा. मामा घसा खाकरून म्हणाले की ड्रायव्हरच्या हाताशी घरातल्या दिव्यासारखं एक साधं बटण लावलं तर बरं पडंल; इंजिन तापलं की मी दाबीन. मला हसू आलं. माणसानं बटण दाबायचं तर मग विज्ञान कशाला? मी त्यांना सांगितलं की आपण ऑटोमॅटिक बटण लावू, तापमान ओळखून आपलं आपण चालू-बंद होणारं. मामा म्हणाले, "तुमी म्हनताल तसं, जावईबापू." शांता मात्र म्हणाली, "बाबांचं ऐका की." मी ऐकलं नाही.

अशी बटणं माझ्याकडं एक सोडून दोन होती, दोन्ही दूध केंद्रातल्या मोडीतली. एक दुधाच्या थंड खोलीचं, दुसरं कॅन धुवायला पाणी तापवणाऱ्या टाकीचं. निवड करायला मी अख्खी संध्याकाळ लावली. थंड खोलीच्या बटणावरचे आकडे वीसच्या पुढं जात नव्हते. वाशीच्या उन्हात वीस? आमच्याकडं माठातलं पाणी त्याहून गरम असतं. टाकीच्या बटणावर मात्र नव्वदपर्यंत आकडे होते. इंजिन तापतं तेही तेवढंच. मी टाकीचं बटण निवडलं, काटा ऐंशीवर लावला आणि शांत झोपलो.

एक बारीक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. टाकीचं बटण पाणी गार असताना वीज चालू करतं आणि पाणी तापलं की बंद करतं. टाकीला तेच तर हवं असतं. पंख्याला नेमकं उलटं हवं असतं.

सकाळी जोडणी केली आणि ट्रक सुरू व्हायच्या आधीच दोन्ही पंखे भिरभिरायला लागले. शेजारचे चार लोक जमले. मामांनी हळूच विचारलं की इंजिन तर अजून गार हाय, मग हे का फिरतंय? मी म्हणालो, ती आगाऊ तयारी आहे. मग इंजिन वीस मिनिटं चालू ठेवलं. पंखे आपोआप थांबले. मी सगळ्यांकडं वळून सांगितलं की बघा, इंजिन आता थंड झालंय, म्हणून पंखा वीज वाचवतोय. मामांनी रेडिएटरला हात लावला, झटकन मागं घेतला आणि धोतराला पुसला. जावयाची अब्रू राखायला त्या माणसानं तळहात भाजून घेतला.

टाकी भरून आम्ही निघालो. मामा स्टेअरिंगवर, मी खिडकीशी, मधे शांता. तिची मावशी वाडीत राहायची, म्हणून ती आली होती. सपाटीवर वारा लागत होता, तोवर सगळं ठीक होतं. डोंगराचा चढ लागला, ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हायला लागला, आणि पुढून पंख्याचा आवाज थांबला. पाच मिनिटांत बॉनेटमधून वाफ.

मामांनी ट्रक कडेला घेतला. बराच वेळ थांबलो. इंजिन निवलं, तसे पंखे जोरात सुरू झाले. "बघा," मी म्हणालो, "थंड केलं की नाही?" मामा म्हणाले, "केलं जी."

अर्ध्या कोसावर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाफ निघाली तेव्हा आम्ही एका वळणावर होतो. तिथं खडी फोडणाऱ्यांची बारा घरं होती. शांता खाली उतरली, पदर डोक्यावर घेऊन दगडावर बसली आणि वाफेकडं बघत राहिली. मी तिला बॅटरीचा दाब, तारेची जाडी, हवेतला उष्मा असं बरंच काही समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "अहो, ते तापलं की थांबतंय आन् निवलं की फिरतंय. उलटं बसवलंय तुमी."

मामांनी लगेच मान दुसरीकडं वळवली आणि डोंगर बघायला लागले. तीन वाफांपूर्वीच त्यांना ते कळलं होतं, हे मला त्यांच्या पाठीवरून दिसलं. वर वाडीत बायका सकाळपासून घागरी मांडून बसल्या असणार, आणि त्यांचं पाणी मी माझ्या हुशारीसाठी वळणावर अडकवून ठेवलं होतं.

तेवढ्यात खडीवाल्यांच्या घरांतून गयाबाई नावाची एक म्हातारी घागर घेऊन आली. टँकर त्यांच्या दारावरून दिवसाआड वर जायचा, पण तहसीलच्या यादीत नाव फक्त वाडीचं. चढावर भरला ट्रक थांबवला तर पुन्हा उचलायला फार जड जातो, म्हणून मामाही कधी थांबले नव्हते. म्हातारीनं विचारलं, "आज आमच्यासाठी थांबलाव व्हय, बाबा?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "व्हय, आजी."

बारा घरांच्या घागरी, हंडे, दोन पिंपं भरली. टाकीतलं चार बादल्या पाणी रेडिएटरनंही प्यायलं. ट्रक तेवढा हलका झाला. मी ते ऑटोमॅटिक बटण काढून खिशात घातलं आणि त्याच्या दोन्ही तारा लांबवून आत केबिनमध्ये आणल्या. शांतानं पदराच्या घडीत धरून त्या एकमेकींना लावायच्या आणि मामा म्हणतील तेव्हा सोडायच्या, असं ठरलं. चढ संपेपर्यंत मामांनी इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर आणि तिनं मामांवर नजर ठेवली. मला काही काम नव्हतं. आम्ही वर पोचलो तेव्हा एका बाईनं उशीर का झाला म्हणून विचारलं. मामांनी सांगितलं की खालच्या लोकांनाबी पाणी दिलं, तुमाला आज थोडं कमी पडंल. दोघीतिघी कुरकुरल्या, पण भांडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतः साधं काळं बटण लावलं. पुण्याचा भाग आला तरी ते पंखे त्यांनी काढले नाहीत. गयाबाई मात्र गप्प बसली नाही. ती चार बायका घेऊन तहसीलला गेली आणि सांगितलं की टँकर वळणावर थांबतो, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. महिनाभरात यादीत खडीवाल्यांचं नाव चढलं.

पुढं पाऊस झाल्यावर त्या वस्तीनं एक छोटा कार्यक्रम केला. मला टोपी-टॉवेल आणि नारळ दिला. वाडीचे सरपंच बोलायला उठले आणि म्हणाले की या जावयानं गोरगरिबांची तहान ओळखून भर चढावर ट्रक थांबवला, तोही एकदा नाही, जागा नीट हेरण्यासाठी आधी दोनदा थांबवून पाहिला. टाळ्या पडल्या. मामांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या. शांता खाली मान घालून हसत होती.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. खरं सांगून टाकावं असं फार मनात आलं. मी उभा राहिलो, टोपी नीट केली आणि म्हणालो की समाजकार्याची मला लहानपणापासूनच आवड आहे.